सोशिक मोटारसायकलची निगा

दसऱ्याच्या सकाळी गल्लोगल्ली मोटारसायकली धुतल्या जातात. हँडलला झेंडूचा हार चढतो, टाकीवर हळद-कुंकवाची बोटे उमटतात. त्यानंतर पुढच्या दसऱ्यापर्यंत या वाहनाकडे लक्ष जाते, ते बहुधा ते बंद पडल्यावरच. आणि शंभर ते सव्वाशे सीसीची छोटी मोटारसायकल सहसा बंद पडत नाही. ऊन, पाऊस, खड्डे, तीन-तीन माणसांचे ओझे आणि मालकाचे दुर्लक्ष हे सारे ती निमूटपणे सोसते.

हा सोशिकपणा या गाडीचा सर्वांत मोठा गुण आहे आणि तोच मालकाची फसगतही करतो. इंजिन एका किकमध्ये सुरू होते, म्हणून गाडी ठणठणीत आहे असा समज होतो. प्रत्यक्षात ब्रेकचे लायनर झिजलेले असते, टायरची नक्षी पुसट झालेली असते, चेन सैल पडलेली असते. यांपैकी कोणतीही गोष्ट गाडी सुरू होण्याच्या आड येत नाही. ती जाणवते पहिल्या पावसात, उतारावर, किंवा समोरची बस अचानक थांबल्यावर. २०२२ साली देशातील रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत दुचाकीवरील व्यक्तींचा वाटा सुमारे ४४ टक्के होता. हे सारे अपघात गाडीच्या दुरवस्थेमुळे झाले असे कोणी म्हणणार नाही. परंतु घरातला मिळवता माणूस रोज ज्या दोन चाकांवर विसंबून बाहेर पडतो, त्या चाकांची स्थिती त्याला ठाऊक असावी, एवढी अपेक्षा रास्त आहे.

टू-स्ट्रोकची सवय, फोर-स्ट्रोकचा विसर

१९८० च्या दशकापर्यंत आपल्या रस्त्यांवर मुख्यतः टू-स्ट्रोक वाहने धावत होती. त्यांच्यात ऑइल पेट्रोलबरोबर जळत असे. त्यामुळे पेट्रोल भरताना ऑइलचा विचार करावाच लागे. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० बाजारात आली आणि ९७.२ सीसीच्या छोट्या फोर-स्ट्रोक इंजिनाची ओळख घरोघरी झाली. होंडाने १९५८ साली आणलेल्या सुपर कबच्या घराण्यातले, जवळजवळ आडव्या सिलिंडरचे हे इंजिन पुढे १९९४ साली आलेल्या स्प्लेंडरमध्येही वापरले गेले. बजाज, टीव्हीएस आदी कंपन्यांनीही याच वर्गात आपापल्या गाड्या उतरवल्या आणि कमी पेट्रोलमध्ये अधिक अंतर तोडणारी मोटारसायकल ही नोकरदारांची पहिली पसंती ठरली.

फोर-स्ट्रोक इंजिनामुळे धूर घटला, अॅव्हरेज वाढले. मात्र त्याबरोबर एक चांगली सवयही सुटली. या इंजिनात ऑइल जळून संपत नाही. ते आतच राहते, फिरते आणि हळूहळू निकामी होत जाते. पेट्रोल संपले की गाडी थांबते, ऑइल खराब झाले तरी थांबत नाही. म्हणूनच ते विसरले जाते.

ऑइल : लिटरभराची बाब

छोट्या मोटारसायकलमध्ये जेमतेम लिटरभर ऑइल असते. एवढेसे ऑइल इंजिनातील घर्षण कमी करते, उष्णता वाहून नेते, गिअर आणि क्लचही भिजते ठेवते. मोटारीच्या इंजिनाला तीन-चार लिटर ऑइलाचा आधार असतो. येथे दोनशे मिलिलिटर जरी कमी झाले, तरी पाचवा हिस्सा घटतो.

पातळी पाहण्यासाठी गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करावी. इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून बंद करावे, थोडा वेळ थांबावे आणि मग डिपस्टिक पुसून पातळी पाहावी. अनेक गाड्यांत पातळी पाहताना डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवायची असते; आवळून पाहिल्यास अंदाज चुकतो. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत नेमकी पद्धत दिलेली असते. साइड स्टँडवर कललेल्या गाडीची पातळी पाहण्यात काहीच अर्थ नाही. दोन खुणांच्या दरम्यान ऑइल असावे. वरच्या खुणेपेक्षा जास्त भरणेही इंजिनाला हितावह नसते.

ऑइल बदलण्याचे अंतर गाडीगणिक वेगळे असते आणि तेही पुस्तिकेतच पाहावे. मात्र तेथील आकडा ही कमाल मर्यादा समजावी. घर ते रेल्वे स्थानक असा दोन-तीन किलोमीटरचाच रोजचा प्रवास असेल, तर इंजिन पुरेसे तापत नाही. आत साचणारी बाष्पे उडून जात नाहीत आणि ऑइल लवकर बिघडते. अशा गाडीने अंतर कमी कापले असले, तरी ऑइल मुदतीने बदलावे.

मोटारीसाठीचे महागडे ऑइल मोटारसायकलमध्ये घालणे ही हौसेने केलेली चूक ठरते. बहुतेक छोट्या मोटारसायकलींचा क्लच ऑइलातच बुडालेला असतो. मोटारीच्या काही ऑइलांत घर्षण घटवणारी द्रव्ये असतात. त्यांनी क्लचप्लेट घसरू लागतात. इंजिनाचा आवाज वाढतो, गाडी मात्र ओढत नाही. म्हणून डब्यावर ‘जासो एमए’ हा उल्लेख आणि पुस्तिकेत सांगितलेली श्रेणी, उदाहरणार्थ १० डब्ल्यू ३०, पाहूनच ऑइल घ्यावे. डबा आपल्या समोर फोडून घ्यावा. खालचा ड्रेन नट अवाजवी जोर लावून आवळला जात नाही ना, हेही पाहावे. अॅल्युमिनिअमच्या कवचातले आटे एकदा गेले, की थेंब थेंब गळती मागे लागते.

इंजिनाविषयी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. टॅपेटचा टकटक आवाज आला की मालक घाबरतो, मेकॅनिक टॅपेट घट्ट करतो आणि आवाज गेला म्हणून दोघेही समाधानी होतात. वास्तविक प्रमाणापेक्षा घट्ट झालेला टॅपेट आवाज करत नाही, पण व्हॉल्व्ह पुरता मिटू देत नाही. गाडी सुरू व्हायला त्रास देते आणि कालांतराने व्हॉल्व्ह जळतो. टॅपेटमधील अंतर इंजिन थंड असताना आणि फिलर गेज लावूनच ठरवायला हवे. ते कानाने ठरवण्याचे काम नव्हे.

चेन : झाकलेली, म्हणून विसरलेली

बहुतेक छोट्या मोटारसायकलींची चेन पत्र्याच्या कव्हरात बंद असते. साडी, ओढणी किंवा पँटचा पाय अडकू नये आणि धूळ-चिखल लागू नये, हा त्यामागचा उद्देश. पण न दिसणारी वस्तू कोणी तपासत नाही. कव्हरला खालच्या बाजूस रबरी बूच असते. ते काढून बोटाने चेन वर-खाली हलवून पाहावी. अनेक गाड्यांत ही हालचाल २० ते ३० मिलिमीटर असावी असे सांगितलेले असते. चेन सर्वत्र सारखी झिजत नाही. म्हणून मागचे चाक फिरवून तीन-चार ठिकाणी पाहावे आणि जेथे ती सर्वांत ताठ असेल तेथील माप धरावे.

सैल चेन कव्हरवर आपटते आणि स्प्रॉकेटवरून उतरण्याची भीती असते. फार ताणलेली चेन अधिक घातक, कारण ती स्वतःबरोबर स्प्रॉकेट व बेअरिंगही खाते आणि पेट्रोलही जाळते. चेन ताणताना चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्याच ठेवाव्यात, अन्यथा चाक तिरके बसते. चाक मागे सरकले, की मागच्या ब्रेकचा दांडाही ताणला जातो. त्यामुळे चेन ताणून झाल्यावर ब्रेकचे पेडल आणि ब्रेकचा दिवा पुन्हा तपासणे आवश्यक असते. गॅरेजमध्ये हीच पायरी हमखास राहून जाते.

चेनला ९० नंबरचे गिअर ऑइल किंवा चेनसाठीचा फवारा वापरावा. जळके इंजिन ऑइल फासण्याची प्रथा जुनी असली, तरी त्यात धातूचे बारीक कण असतात. चेनलॉकच्या क्लिपचे बंद तोंड चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला असावे. उलट बसलेली क्लिप निघून जाऊ शकते. चेन बदलायची झाल्यास दोन्ही स्प्रॉकेटसह पूर्ण संचच बदलावा. झिजलेल्या दात्यांवर बसवलेली नवी चेन पाहता पाहता जुनी होते.

ब्रेक : पुढचा की मागचा?

‘पुढचा ब्रेक दाबला की गाडी पालथी होते’ हा उपदेश पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. ओल्या किंवा वाळू पसरलेल्या वळणावर पुढचा ब्रेक एकदम आवळणे धोक्याचे आहे, हे खरे. परंतु गाडी थांबू लागली की तिचा भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचे चाक हलके होते. म्हणूनच गाडी थांबवण्याचे मोठे काम पुढचा ब्रेकच करू शकतो. केवळ मागच्या ब्रेकवर विसंबणाऱ्याला थांबायला कितीतरी जास्त अंतर लागते, आणि घाबरून पेडल दाबले की मागचे चाक जाम होऊन घसरते. गाडी सरळ ठेवून दोन्ही ब्रेक एकत्र आणि दाब हळूहळू वाढवत लावणे, ही योग्य पद्धत होय. रिकाम्या मैदानात तिचा सराव करून पाहावा.

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना सीबीएस किंवा एबीएस यांपैकी एक सोय आवश्यक झाली. सीबीएस असलेल्या मोटारसायकलमध्ये मागचे पेडल दाबले की पुढचा ब्रेकही काही प्रमाणात लागतो. ही सोय चांगली असली, तरी तिच्या केबल आणि दांडे योग्य मापात असतील तेव्हाच ती उपयोगी पडते.

ड्रम ब्रेकच्या बाहेरील झाकणावर बाणाची छोटी खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर हा बाण मर्यादेच्या खुणेपर्यंत पोहोचला, की ब्रेक शू बदलण्याची वेळ झाली असे समजावे. नुसता नट आवळून आणखी काही महिने काढण्याचा मोह टाळावा. पेडलची मोकळी हालचाल साधारण २० ते ३० मिलिमीटर आणि हाताच्या लिव्हरची त्याहून कमी असते. डिस्क ब्रेक असल्यास पॅडची जाडी व ब्रेक ऑइलची पातळी पाहावी.

टायर आणि हवा

हवा तपासायची ती टायर थंड असताना, म्हणजे घरातून निघाल्यावर जवळच्याच पंपावर. एकट्या चालकासाठी पुढे सुमारे २५ आणि मागे सुमारे २८ पाउंड हवा अनेक शंभर सीसी गाड्यांना सांगितलेली असते. मागे माणूस बसणार असेल तर मागच्या चाकात ती बरीच वाढवावी लागते. नेमके आकडे गाडीवरील पट्टीवर किंवा पुस्तिकेत असतात. ‘टाका अंदाजाने’ असे सांगण्यापेक्षा आकडा सांगावा.

टायरच्या खाचांत तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, की टायर बदलावा. टायरच्या बाजूला चार अंकी आकडा कोरलेला असतो. ‘२३१९’ याचा अर्थ २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. फारशी न चालवलेली, पण बरीच वर्षे उन्हात उभी असलेली गाडी घेताना हा आकडा उपयोगी पडतो. नक्षी शाबूत असली तरी रबर ताठरलेले असू शकते आणि असे टायर ओल्या रस्त्यावर दगा देतात.

अॅव्हरेजचे गणित

आपल्याकडे गाडीची पहिली चौकशी ‘अॅव्हरेज किती देते?’ अशीच होते, पण ते मोजण्याची पद्धत फार थोडे जण पाळतात. टाकी काठोकाठ न भरता ठरावीक खुणेपर्यंत भरावी, किलोमीटरचा आकडा टिपावा, दोनशे किलोमीटर चालवून त्याच पंपावर त्याच खुणेपर्यंत पुन्हा पेट्रोल भरावे. १९२ किलोमीटरनंतर ३.२ लिटर बसले, तर अॅव्हरेज ६० चे झाले. असे तीन वेळा करून सरासरी काढावी.

अॅव्हरेज अचानक घटल्यास इंजिनाला दोष देण्यापूर्वी गाडी मेन स्टँडवर घेऊन चाके हाताने फिरवावीत. चाक अडखळत असेल, तर ब्रेक घासत आहे. त्यानंतर हवा, चेनचा ताण, एअर फिल्टर, प्लग आणि क्लच असा क्रम ठेवावा. सिग्नलवर अर्धा क्लच दाबून ठेवण्याची सवयही क्लचप्लेट आणि पेट्रोल दोन्ही खाते. काही प्रमाणात घट मात्र इंधनामुळेही होते. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आता सर्वत्र मिळते आणि इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते.

पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यात

मे महिन्याच्या अखेरीस टायर, ब्रेक, चेन, सर्व केबल, प्लगची टोपी आणि दिवे पाहून घ्यावेत. साचलेल्या पाण्यातून गेल्यावर ड्रम ब्रेकची पकड कमी होते. थोडे अंतर ब्रेक हलकेच दाबत चालवल्यास तो कोरडा होतो. टाकीच्या झाकणाशी पाणी साचू देऊ नये. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि पाण्याचे प्रमाण वाढले की ते पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची असल्यास हा त्रास अधिक संभवतो.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि असंख्य वाहने पाण्याखाली गेली. अशा प्रसंगी पाणी ओसरल्याबरोबर किक मारून पाहण्याचा मोह होतो, आणि नेमके तेच करू नये. पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये ते शिरले असेल, तर इंजिनाचे भाग वाकू शकतात. बुडालेली गाडी न सुरू करता गॅरेजमध्ये न्यावी, प्लग काढून पाणी काढावे, एअर फिल्टर आणि ऑइल बदलावे. चहासारखे दुधाळ दिसणारे ऑइल म्हणजे त्यात पाणी मिसळल्याची खूण होय.

बीएस-सहानंतरची गाडी

१ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा मानके लागू झाली आणि छोट्या मोटारसायकलींतूनही कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. चोक गेला, पेट्रोलचा कॉकही गेला. थंडीतल्या सकाळी गाडी सहज सुरू होऊ लागली, पण मालकाला काही सवयी बदलाव्या लागल्या. टाकीत असलेला पेट्रोलचा पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो. म्हणून टाकी कोरडी पडेपर्यंत गाडी दामटू नये. पंपाला वीज लागते, त्यामुळे बॅटरी पार उतरली तर किक असूनही गाडी सुरू होईलच असे नाही. काट्यांच्या शेजारी इंजिनाच्या चिन्हाचा दिवा पेटून राहिला, तर संगणकीय तपासणीची सोय असलेल्या ठिकाणीच गाडी दाखवावी. जुन्या फोमच्या फिल्टरप्रमाणे नवा कागदी फिल्टर धुता येत नाही. तो बदलावाच लागतो.

कागदपत्रे आणि जुनी गाडी

१ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा त्रयस्थ व्यक्तीसाठीचा विमा घ्यावाच लागतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण मात्र वेगळे असते व ते अनेकदा वर्षभराचेच असते. ‘पाच वर्षांचा विमा आहे’ या समजुतीत राहिलेल्या मालकाला गाडी चोरीस गेल्यावर हा फरक कळतो. नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती पाच वर्षांसाठी वाढवता येते आणि महाराष्ट्रात त्यासाठी पर्यावरण कर भरावा लागतो. नव्या गाडीला पहिल्या वर्षानंतर पीयूसी प्रमाणपत्र आवश्यक असते.

जुनी गाडी घेताना रंगापेक्षा चेसिस व इंजिन क्रमांक आरसीशी जुळतात का, हे आधी पाहावे. इंजिन थंड असताना सुरू करून पाहावे. विक्रेत्याने आधीच तापवून ठेवले असेल, तर दुसऱ्या दिवशी यावे. सायलेन्सरमधून सतत निळसर धूर येत असेल, तर ऑइल जळत आहे. मेन स्टँडवर हँडल फिरवताना मधोमध अडकल्यासारखे झाले, तर कोनसेट गेला आहे. कर्जाचा बोजा असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र व फॉर्म ३५, आणि नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ व ३० भरून घ्यावेत. विकणाऱ्यानेही नाव बदलेपर्यंत पाठपुरावा करावा; तोवर कायद्याच्या दृष्टीने मालक तोच असतो. नाव बदलल्यावर विमाही नव्या नावावर करून घ्यावा.

निगेचे वेळापत्रक

रोज : निघताना दोन्ही ब्रेक, दिवे आणि हॉर्न.

दर आठवड्याला : टायरची हवा, टायरमध्ये खिळा, काच किंवा चीर.

दर पंधरवड्याला : ऑइलची पातळी, चेनचा ताण, क्लच व ब्रेकची मोकळी हालचाल.

दर महिन्याला : चेनला ऑइल, बॅटरीचे टर्मिनल, सैल नट-बोल्ट. पावसाळ्यात चेनचे काम अधिक वेळा.

पुस्तिकेनुसार : ऑइल, प्लग, एअर फिल्टर, टॅपेट, ब्रेक शू, कोनसेट.

वर्षातून एकदा : विमा, पीयूसी आणि टायरचे वय.

ही सारी पाहणी आठवड्याला दहा मिनिटांत होते. तिला हवेचा गेज, एक पट्टी आणि जुने फडके एवढेच साहित्य पुरते. दुरुस्ती मेकॅनिकनेच करावी, पण काय दुरुस्त करायचे आहे हे मालकाला सांगता यावे. हेल्मेटही याच पाहणीचा भाग मानावे. आयएसआय चिन्ह नसलेली हेल्मेट विकण्यास १ जून २०२१ पासून बंदी आहे. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी बदलणेच इष्ट. पुढच्या दसऱ्याला गाडीला हार घालण्यापूर्वी ब्रेकच्या झाकणावरचा तो छोटा बाण एकदा पाहावा.